रडायला पुरेल एवढं तळं

फार वर्षांपूर्वी, धानाच्या मुलखात, आमच्या चिचटोल्याला एक तळं होतं. केवढं होतं? या काठावर उभं राहिलं तर पलीकडच्या कनेरीची म्हैस दिसायची नाही, तिच्या पाठीवरचा बगळा तेवढा दिसायचा. असं म्हणतात. म्हणणारे आमच्याच गावचे, तेव्हा थोडं इकडेतिकडे चालायचंच.

त्या तळ्यावर डोमा ढिवराचा डोंगा चाले. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली नाव. चिचटोल्याच्या पोरी बहुतेक कनेरीलाच दिल्या जात. रीत अशी होती की वऱ्हाडानं तळ्याच्या काठच्या पाळीवरून बैलगाड्यांनी जायचं, नवरीनं मात्र एकटीनं डोमाच्या डोंग्यातून. ती माहेराकडे तोंड करून बसायची आणि पोटभर रडायची. तिथं गप्प करायला आई नाही की बघायला सासू नाही. रडणं सरलं की तळ्याच्या ओंजळभर पाण्यानं तोंड धुवायचं आणि सासरकडे वळून बसायचं. डोमानं कधी कुणा पोरीला "रडू नको" म्हटलं नाही. तो आपला बांबू रेटत राहायचा.

आता तळं काही एका दिवसात जात नाही. पूर्वी दर उन्हाळ्यात अख्खं गाव टोपल्या घेऊन गाळ काढायला उतरायचं. मग एका वर्षी कुणाच्या तरी ध्यानात आलं, की काठच्या गाळात लाखोरीची डाळ झकास पिकते. झालं! गाळ काढायचा कशाला, त्यातच पेरायचं. ज्यानं त्यानं आपला बांध दरवर्षी हातभर पुढं सरकवला. हातभर म्हणजे काय असतं? काहीच नसतं. रोज बघणाऱ्या गावाला तळं होतं तेवढंच दिसत राहिलं.

कळलं ते एकट्या डोमाला. पोरींचं रडणं सरायच्या आत कनेरीचा काठ येऊ लागला. पोरी ओल्या डोळ्यांनीच सासरच्या दारात जाऊ लागल्या.

डोमा चावडीवर गेला. "पोरींचं रडनं आता तळ्यात मावत नाही," तो म्हणाला. "गाळ काढा, बाप्पा."

चावडी हसली. गावचे पाटील म्हणाले, "अरे, मंग पोरींले कमी रडाले सांग ना!"

डोमा हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो एकटाच टोपलीनं गाळ उपसू लागला, पण एक माणूस किती उपसणार? मग तो नवरीला घेऊन तळ्यातच फेऱ्या मारू लागला. आधी दोन, मग पाच. पलीकडे वऱ्हाड ताटकळायचं, ओरडायचं. डोमा तेवढ्यापुरता बहिरा व्हायचा.

आणि एका माघात त्याच्याच पोरीचं, भागरताचं लग्न ठरलं, तेही कनेरीलाच. तिची आई ती तान्ही असतानाच गेलेली. एकट्या बापानं वाढवलेली पोर. तिला सोडून जायचं होतं ते फक्त बापाला, आणि पोचवणाराही तोच. तळ्यात पाणी उरलं होतं गुडघाभर, दहा रेट्यांत पार होईल एवढंच. डोमा सकाळपासून त्या पाण्याकडे बघत होता. साऱ्या गावच्या पोरींना त्यानं रडायला जागा दिली होती, आणि स्वतःच्या पोरीला द्यायला त्याच्याजवळ डबकं होतं.

भागरता डोंग्यात बसली. माहेराकडे तोंड, म्हणजे मागच्या टोकाला उभ्या असलेल्या बापाकडेच. तिला हुंदका फुटला. डोमानं बांबू खाली रोवला, तर तळच लागेना. डोंगा आपसूक चालू लागला.

असं म्हणतात, की तळं पसरलं. लाखोरीवरून, साऱ्या बांधांवरून पसरत गेलं. पाळीवरच्या वऱ्हाडानं डोंगा लहान लहान होताना पाहिला. शेवटी भागरताच्या पिवळ्या लुगड्याचा ठिपका उरला. दुपार कलली, तरी कुणी ओरडलं नाही. मग केव्हातरी भागरतानं तोंड धुतलं.

"बाबा, झालं माहं," ती म्हणाली. "आता ने."

डोंगा कनेरीला लागला. पोर उतरली आणि वऱ्हाडात मिसळली. डोमानं डोंगा परत फिरवला. इतक्या वर्षांत तो त्या पाण्यावर कधी रडला नव्हता, पण आता डोंगा रिकामा होता. बघता बघता तोही ठिपका झाला, मग ठिपकाही दिसेना. पाणी ओसरलं तेव्हा लाखोरी कोरडी ठणठणीत उभी होती, डबकं होतं तिथं होतं. डोंगा कुठंच नव्हता.

गावानं पुष्कळ शोध घेतला. भागरता मात्र म्हातारी होईपर्यंत एकच सांगायची, "बाबाचं अजून झालं नसन."

मग तरी गाव शहाणं झालं का? दोन उन्हाळे गाळ काढला आणि पुन्हा लाखोरी पेरली. आज तिथं पाण्याचा टिपूस नाही. मला याचा राग येतो आणि लाजही वाटते, कारण त्यातला एक बांध आमच्या आजोबांचा आहे.

पण डोमाच्या नावानं एवढं मात्र चिचटोल्यानं सोडलेलं नाही. नवरीची गाडी जुन्या तळ्याच्या मधोमध थांबते. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरतो, आणि पोर "चला" म्हणेपर्यंत कुणी गाडीजवळ फिरकत नाही. इकडे मांडवातून पोरीचा बाप उठून शिवाराकडे निघून गेला, तर त्याला कुणी हाक मारत नाही. परगावचे पाहुणे विचारतात, यजमान कुठं गेले? बायका त्याचं ताट झाकून ठेवतात आणि सांगतात, "पान्यावर गेले. येतीन."