फिरत्या पुलातली फट

“पण तोंड फिरवायचं तर दिवा जायलाच हवा का, बुवा?”

विसूबुवांनी ताटातला एक खडा वेचून टाकला. ते तांदूळ निवडत होते.

विचारणारा माणूस साधासुधा नव्हता. यशवंतराव खरवंडीकर. सरकारी नोकरीत उभा जन्म पूल बांधण्यात गेलेला. आपला एकही पूल तसूभर हलला नाही, असं ते सांगत, आणि समोरच्याने नीट ऐकलं नाही असं वाटलं तर पुन्हा सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये छोटी रेल्वे मांडली होती. स्टेशन, घाट, बोगदा, सिग्नल, सगळं. सोफा गेला, रेल्वे राहिली.

आणि आता एका पुलानेच त्यांना जेरीला आणलं होतं. तोही तव्याएवढा.

विसूबुवांना लोक बुवा म्हणत, एवढाच त्यांचा बुवापणा. शाळेत विज्ञान शिकवलं, नोकरी संपली तसे प्रवरेकाठच्या मारुतीमागे पत्र्याच्या खोलीत येऊन राहिले. त्या खोलीतही जुन्या दारांच्या फळ्यांवर एक छोटी रेल्वे होती. कोणी देवाधर्माचं विचारायला आला की बुवा त्याला आधी गाडी चालवायला बसवत. निम्मे लोक काय विचारायला आलो होतो ते विसरूनच घरी जात.

यशवंतराव मात्र विसरणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला तो पूल बाहेर काढून बुवांपुढे ठेवला.

टर्नटेबल म्हणतात त्याला. गोल खड्डा, त्यात मधोमध खिळलेला फिरता पूल. इंजिन पुलावर आणून उभं करायचं, कडेचं हँडल मारून पूल अर्धा फिरवायचा, की इंजिन जिकडून आलं तिकडे त्याचं तोंड. वाफेच्या खऱ्या इंजिनांसाठीही पूर्वी असे पूल असत.

“सेकंडहँड आहे,” यशवंतराव म्हणाले. “परदेशी बनावटीचा. एक म्हातारे गृहस्थ वारले, मुलाने सगळा पसारा विकायला काढला, त्यातून उचलला. आमच्या मापात बसत नव्हता. खड्डा खोल होता, खालून दोन सूत भर घातली. कड तासली. पूल लांब होता, दोन्हीकडून कापला. आता असा बसलाय की...”

“हलत नाही?”

“फिरतो हो! सुंदर फिरतो.”

“मग रडतोस कशाला?”

यशवंतरावांना फार वर्षांत कोणी अरे-तुरे केलं नव्हतं. त्यांनी ते गिळलं.

“पुलाखाली पितळेची कडी आहे. तिच्यातून पुलावरच्या रुळांना वीज मिळते. त्या कडीला दोन ठिकाणी फट होती. पूल फिरता फिरता तिथे आला की इंजिनाचा दिवा जायचा. मला वाटलं, जुनी खोट असेल. सेकंडहँड माल म्हटला की काहीतरी निघायचंच. मी कथलाचा डाग देऊन फटी बुजवल्या.”

“आणि?”

“आता पूल अर्धा फिरला की सगळंच बंद पडतं. स्टेशनचे दिवे, सिग्नल... सगळं.”

बुवा खुदकन हसले.

“पूलवाल्याला फट दिसली, बुजवली! दुसरं काय करणार तो?”

यशवंतरावांना विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते कबूल करायला ते इथवर आले नव्हते.

बुवांनी दोन बोटं पुलावरच्या दोन रुळांवर ठेवली.

“या रुळातून वीज जाते, त्या रुळातून परत येते. पूल अर्धा फिरला की रुळांची अदलाबदल होते. जाणारी आणि येणारी समोरासमोर भिडतात. मग कोणाचंच चालत नाही. म्हणून मधे फट ठेवतात. तेवढा वेळ काहीच नाही... आणि पलीकडे गेलं की सगळं पुन्हा जुळतं. तुझ्या त्या म्हाताऱ्याची खोट नव्हती ती.”

“म्हणजे दिवा जाणारच?”

“जाणारच.”

“एखादी बारीक बॅटरी बसवली तर? दिवा लागलेलाच राहील, असं काहीतरी...”

“कोणासाठी?”

“म्हणजे?”

“इंजिनाला काही दिसत नाही. तुला दिव्याशिवाय दिसतं. मग दिवा कोणासाठी?”

यशवंतराव खिडकीबाहेर बघत राहिले. नदीवर कोणीतरी धुणं आपटत होतं.

“शलाकासाठी,” ते म्हणाले.

शलाका त्यांची एकुलती एक मुलगी. ती लहान असताना घरात एकच गाडी होती आणि सरळ रूळ होते. गाडी भिंतीपर्यंत जाई आणि तशीच उलटी परत येई. पोरगी खट्टू व्हायची. म्हणायची, “बाबा, ही परत येत नाहीये. ही नुसती मागे सरकतेय. परत येणाऱ्याचं तोंड आपल्याकडे असतं.”

फिरता पूल आणू, असं तेव्हा यशवंतरावांनी तिला कबूल केलं होतं. पण तेव्हा त्यांच्या हाताशी खरे पूल होते. सवड नव्हती.

“आता कुठे असते?” बुवांनी विचारलं.

“गुवाहाटीला. नोकरी करते.”

“येते?”

“नाही.”

बुवा पुढे काही विचारत नाहीत असं बघून यशवंतराव आपणच बोलू लागले.

“कुमुद गेली... तिची आई. तेव्हा शलाकाची शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. होस्टेलवर होती ती. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. शलाका रोज फोन करायची. मी म्हणायचो, आई बरी आहे, झोपलीय, तू अभ्यास कर.” ते थांबले. “शेवटचा पेपर झाल्यावर बोलावलं. तोवर सगळं उरकलं होतं.”

बुवांचा ताटातला हात थांबला.

“तिच्या भल्यासाठीच केलं.”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“तिच्या भल्यासाठीच केलं हो!”

दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फाटला. मारुतीच्या पारावरचं कुत्रं मान वर करून बघायला लागलं.

“फोनवर बोलते?” बुवांनी विचारलं.

“मी रोज करतो. सकाळी, संध्याकाळी. उचलत नाही.”

“कधीच नाही?”

“एकदा उचलला. म्हणाली, बाबा, थोडे दिवस मला फोन करू नका.”

“मग?”

“मग मी मेसेज करायला लागलो.”

बुवांनी तांदळाचं ताट बाजूला सारलं.

“काय लिहितोस?”

“काही नाही. जेवलीस का. तिकडे पाऊस आहे का. छत्री घेऊन जा. दुसरं काय लिहिणार? मला लिहिता कुठे येतं? ती वाचते. वाचल्याची खूण दिसते.” यशवंतराव हसल्यासारखं करत म्हणाले, “दार वाजलं की वाटतं, आली. इस्त्रीवाला असतो. मला माहीत असतं की इस्त्रीवालाच असणार. तरी वाटतं, बुवा. दर वेळी वाटतं.”

हे सांगताना त्यांना रडू येत होतं आणि रडू येतंय याची लाज वाटत होती. एवढा मोठा माणूस, आणि सगळा जीव दाराच्या कडीत अडकलेला.

बुवांनी काही समजूत घातली नाही. त्यांनी पूल उलटा करून मांडीवर घेतला आणि एका पातळ पात्याने कडीवरचा डाग खरवडायला सुरुवात केली.

“जपून!” यशवंतराव म्हणाले. “ती कडी परत मिळायची नाही.”

बुवा खरवडत राहिले.

“बास, बास! एवढी रुंद नव्हती फट.”

“बुजवली होतीस ना? आता थोडी जास्तच लागेल.”

दोन्ही फटी मोकळ्या झाल्या. बुवांनी दोन तारा जोडल्या, पूल आपल्या रेल्वेच्या कडेला बसवला, त्यावर एक छोटं काळं इंजिन ठेवलं. वीज इतकी मंद ठेवली, की दिवा लागावा पण इंजिन हलू नये. मग उठून दार-खिडकी लावली.

भरदुपारी खोलीत काळोख झाला. मोहरीएवढा दिवा तेवढा दिसत राहिला.

“फिरव,” बुवा म्हणाले.

यशवंतराव हँडल मारू लागले. दिवा हळूहळू सरकू लागला. फळीवरून, भिंतीवरून, पत्र्यावरून...

आणि गेला.

यशवंतरावांचा दुसरा हात आपोआप पुढे झाला. त्यांनी इंजिनाला ढकललं.

खडखड आवाज झाला. बुवांनी खिडकी उघडली. इंजिन खड्ड्यात आडवं पडलं होतं.

“ढकललंस का?”

“थांबलं होतं.”

“थांबलं नव्हतं. वळत होतं.”

यशवंतराव इंजिनाकडे बघत राहिले.

बुवांनी इंजिन उचलून पुन्हा पुलावर ठेवलं आणि खिडकी लावली.

“पुन्हा.”

या वेळी बुवांनी त्यांचा मोकळा हात मनगटाशी धरून ठेवला. म्हाताऱ्याची पकड घट्ट होती. यशवंतराव हँडल मारू लागले. दिवा सरकला, सरकला, आणि गेला.

काळोख.

“बुवा...”

“हं.”

“काही दिसत नाहीये.”

“हं.”

धरलेला हात ओढ घेत होता. बुवांनी तो सोडला नाही. हँडलवरचा हात मात्र फिरत होता, अगदी सावकाश. यशवंतरावांना स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. आयुष्यात त्यांनी कधी, कोणाच्याही बाबतीत, नुसती वाट पाहिली नव्हती. काहीतरी केलं होतं. नेहमीच काहीतरी केलं होतं.

दिवा लागला.

इंजिन त्यांच्याकडे तोंड करून उभं होतं.

यशवंतराव तिथेच फळीला डोकं टेकून रडले. या वेळी त्यांना लाज वाटली नाही. बुवांनी मनगट सोडलं, दार उघडलं, आणि तांदूळ धुवायला घेतले.

भात शिजला. दोघं जेवले. ताक प्याले. उन्हं उतरली तसा यशवंतरावांचा हात सवयीने खिशात गेला. फोन बाहेर आला. ‘जेव’ एवढं लिहून झालं, आणि बोट तसंच वर राहिलं.

बुवा चूल सारवत होते. त्यांचं लक्ष नव्हतं, किंवा होतं.

यशवंतरावांनी ती दोन अक्षरं पुसली. फोन पालथा घालून फळीवर ठेवला. हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, म्हणून ते हातावरच बसले.

“किती दिवस, बुवा?”

बुवा पोतेरं फिरवत राहिले.

चूल सारवून झाली. मग जे विचारायची त्यांची सकाळपासून छाती झाली नव्हती, ते त्यांनी विचारलं.

“आणि... ती वळलीच नाही तर?”

बुवा उठले. दोरीवरच्या जुन्या धोतराचा एक तुकडा टर्रकन फाडला आणि यशवंतरावांच्या हातात दिला.

“गाडी येत नसली, की रूळ लवकर काळे पडतात. रोज पुसत जा.”