उंबऱ्यापर्यंत नेलेला रस्सा

एका बाजारपेठेच्या गावात एकदा एक म्हातारी राहत असे. मोडलेली हाडं बसवणं हे तिचं काम. तुझा गुरू कोण, असं कुणी विचारलं की ती म्हणे, "मोडलेली माणसं." आता ती थकली होती. बोटांत पूर्वीचा जोर उरला नव्हता. म्हणून हाड ओढून जागेवर बसवण्याचं आणि बांबूच्या कामट्या बांधण्याचं काम तिने आपल्या शिष्येकडे सोपवलं होतं, आणि स्वतः चुलीपाशी बसून असे.

चुलीवर रस्सा असे. खाटकाकडून शेळीचे पाये आणायचे, विस्तवावर धरून त्यांचे केस जाळायचे, सुरीने खरवडायचे, धुवायचे, नळ्या फोडायच्या. मग आलं, लसूण, हळद, थोडी मिरी आणि भरपूर पाणी घालून मंद आचेवर ठेवून द्यायचे. वर फेस येईल तो पळीने काढत राहायचा. खळखळून उकळी फुटू द्यायची नाही, आच विझूही द्यायची नाही. तिखट नाही, मसाला नाही, मीठ नावापुरतं. सांगायला चार ओळी लागतात, करायला उजेड असेल तेवढा सगळा दिवस जातो. बसून जेवणाऱ्याला ते कळत नाही.

"झाला हे चवीवर ओळखू नकोस," म्हातारीने शिष्येला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "घोट घे आणि ओठ मीट. ओठाला ओठ चिकटला की रस्सा झाला."

संध्याकाळी रस्सा ज्याच्या त्याच्या घरी पोचवला की मडक्याच्या तळाशी एक वाटीभर उरत असे. म्हातारी ती वाटी शिष्येपुढे सरकवी. "घे. माझं झालंय." शिष्या दमलेली असे. ती पिऊन टाकी.

त्या हिवाळ्यात गावातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याची सून माळ्यावरून उतरताना शिडीसकट पडली आणि तिच्या नडगीचं हाड मोडलं. शिष्येने ते बसवलं, आणि चांगलं बसवलं. म्हातारीने बोटं फिरवून पाहिलं आणि मान हलवली. "आता रोज रस्सा दे. बाकीचं तिचं अंग बघून घेईल."

पण अंगाने काही बघितलं नाही. आठवडे गेले. सूज उतरली, तरी हाड धरेना. सून दिवसेंदिवस वाळत चालली. शिष्येने पाय हलवून पाहिला की सून ओठ चावून घेई, आणि तिच्या अंथरुणाशी खेळणारी तिची लहान मुलगी हातातलं खेळणं टाकून आईकडे बघत बसे.

एके दिवशी व्यापाऱ्याने शिष्येला ओसरीवरच थांबवलं.

"बाई, आम्ही किती वाट बघायची? माझ्या घरात माणसं आहेत, दुकान आहे, येणंजाणं आहे. संक्रांतीपर्यंत ही उभी राहिली तर ठीक. नाहीतर हिला माहेरी पोचवून देऊ. मुलाचं दुसरं बघावं लागेल."

"आणि मुलगी?"

"मुलगी आमची आहे. ती कुठे जाईल?"

आत अंथरुणावर हे सगळं ऐकू जात होतं. मुद्दामच त्या आवाजात बोललं गेलं होतं.

शिष्या घरी आली आणि तिने दुसऱ्या दिवशी पाये वाढवले. त्यानंतर नळ्याही वाढवल्या. उजाडायच्या आधी चूल पेटवू लागली. आच जास्त होते का, लाकूड ओलं आहे का, खाटीक म्हाताऱ्या जनावराचे पाये देतो का, सगळं तपासून झालं. रस्सा असा उतरू लागला की गार झाल्यावर खरवसासारखा थरथरे. तरी सुनेचा पाय होता तसाच.

शेवटी ती चुलीपुढे बसून रडली. "आजी, माझ्या हाताला गुण नाही. दुसरी कुणीतरी शोधा."

म्हातारीने पळी बाजूला ठेवली. "रडून झालं की सांग. मला एक विचारायचं आहे."

"विचारा."

"रस्सा कुठवर नेतेस?"

"त्यांच्या घरी."

"घर मोठं आहे. घरात कुठवर?"

शिष्या थबकली. "उंबऱ्यापर्यंत. सासूबाई येऊन भांडं घेतात."

"औषध उंबऱ्यापर्यंत नेतेस, आणि गुण अंथरुणापर्यंत पोचावा म्हणतेस." म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. आज भांडं मी घेते. मला धर म्हणजे झालं."

वाटेत ती दोनदा बसली. भांडं मात्र तिने शिष्येच्या हाती दिलं नाही.

ओसरीवर व्यापारी तक्क्याला टेकून बसला होता. भांडं दिसताच सावरून बसला. "या, या आजी! आज उशीर केलात. अगं, वाट्या आण गं!" आतून सासू वाट्या घेऊन आली. किती आणायच्या ते तिला सांगावं लागलं नाही. मुलगाही खोकत खोकत आतून आला आणि बापाशेजारी बसला.

म्हातारी थांबली नाही. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून ती मागच्या अंधाऱ्या खोलीत गेली. तिच्या मागोमाग वाट्यांसकट सासू, आणि काय चाललंय म्हणून बाप-लेक.

म्हातारी सुनेच्या उशाशी बसली. "बाळ, ओठ मीट बघू."

सुनेने मिटले.

"उघड."

ओठ सहज सुटले. कोरडे, भेगाळलेले.

"रस्सा मिळतो ना रोज?"

"मिळतो की." सून सगळ्यांकडे बघून हळूच म्हणाली. "मामंजींचे गुडघे दुखतात, त्यांना थोडा लागतो. ह्यांना खोकला आहे. मग उरतो त्यात सासूबाई पाणी घालून ऊन करून देतात. मी आणि ही दोघी पितो." तिने मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "घरात माणसं असताना मी एकटीने कसं प्यायचं?"

म्हातारीने भांड्यावरचं झाकण काढलं. रस्सा कोमट होता. तिने एक हात सुनेच्या मानेखाली घातला आणि भांडं तिच्या तोंडाशी नेलं.

"तोंड लाव."

"अगं बाई! भांड्याला?" सून मागे सरली. "सगळं उष्टं होईल."

"होऊ दे. लाव."

"आजी, पाप लागेल."

"पाप मी घेते. माझ्याकडे जागा आहे. लाव तोंड!"

सुनेने डोळे मिटून भांड्याच्या काठाला ओठ लावले आणि एक घोट घेतला. सासूच्या हातातल्या वाट्या एकमेकींवर वाजल्या.

"हे काय केलंत?" व्यापारी ओरडला. "भरलेलं भांडं उष्टं करून टाकलंत! सुनेचं उष्टं आता पिणार कोण?"

"तीच," म्हातारी म्हणाली.

शिष्या लाजेने भिंतीला टेकली होती. आजीचं डोकं फिरलं, असंच तिला वाटलं.

व्यापारी पुढे सरसावला. "आणि माझे गुडघे?"

"शेटजी, तुमच्या दुकानाच्या पलीकडे खाटकाचं दुकान आहे. तुमचे गुडघे तिथवर नक्की जातील. हाडं घेऊन या, घरात चूल आहे." मग ती लहान मुलीकडे वळली. "तू पी गं आईच्या भांड्यातलं. तुला उष्ट्याचं काय?"

सासू दारातच उभी होती. तिचा आवाज चढला, पण रागापेक्षा त्यात दमणूकच जास्त होती. "मी बाळंतपणात पडले होते तेव्हा मला कुणी दिला होता रस्सा? मला तर पाण्याचाही मिळाला नाही."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "नाही दिला. ठाऊक आहे मला. म्हणून तर तुझ्याशी भांडत नाहीये."

परतीच्या वाटेवर एका पारावर म्हातारी दम खायला टेकली, तेव्हा शिष्येने विचारलं, "आजी, एवढा तमाशा का? त्यांना नीट समजावून सांगितलं असतं तर?"

म्हातारी बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"समजावून सांगण्यात माझं तारुण्य गेलं, पोरी. मी सांगत असे, आधी आजाऱ्याला द्या. सगळे हो म्हणत. त्यांच्यात दुष्ट कुणी नव्हतं. आजही त्या घरात दुष्ट कुणी नाही. एकाचे गुडघे, एकाचा खोकला, प्रत्येकाला घोटभरच हवा असतो. आणि तिलाही वाटतं की आपण सगळ्यांच्या मागून घ्यावं. असे घोट घोट जाऊन अख्खं भांडं रिकामं होतं आणि कुणी चोरी केली असं म्हणता येत नाही. रश्श्यात जादू नसते. उपाशी अंगाला हाड जोडायला काहीतरी सामान लागतं, एवढंच. ते सामान तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि तू इथे चुलीवर नळ्या वाढवत होतीस. त्या घराची रीत बदलायला मला आणखी एक जन्म लागेल. तेवढी ताकद आता नाही. पण सुनेचं उष्टं त्या घरात कुणी पिणार नाही, हीसुद्धा त्यांचीच रीत आहे. ज्या रीतीने तिला मागे बसवलं, त्याच रीतीच्या कडीने मी भांडं बंद केलं. उद्यापासून तू आतपर्यंत जायचं. तिने तोंड लावल्याशिवाय मागे फिरायचं नाही."

मग ती म्हणाली, "आणि एक लहान भांडं वेगळं घे. सासूसाठी. तिच्याकडूनही तिथल्या तिथे तोंड लावून घे."

शिष्येने तसं केलं. सासूने पहिल्या दिवशी भांडं परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन ती दाराआड गेली आणि बऱ्याच वेळाने रिकामं घेऊन आली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी सून भिंत धरून उभी राहिली. फार वेळ नाही. पण व्यापाऱ्याने पाहिलं, मुलाने पाहिलं, आणि माहेरी पोचवण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. लहान मुलगी आईच्या पदराला धरून उभी होती, जणू आपणच तिला उभं केलं आहे.

शिष्या हे सांगत सांगत घरात शिरली. म्हातारी चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. बातमी ऐकून तिने फक्त डोळे मिटले. मग मडक्याच्या तळाशी उरलेला रस्सा वाटीत ओतून तिने वाटी शिष्येपुढे सरकवली.

"घे. माझं झालंय."

शिष्येने वाटी उचलली. तोंडाशी नेली. आणि तशीच खाली ठेवली.

"आजी, ओठ मिटा बघू."

"काय?"

"ओठ मिटा."

म्हातारीने कुरकुरत मिटले, आणि उघडले. ओठ सहज सुटले. कोरडे, भेगाळलेले.

शिष्या बघतच राहिली. इतकी वर्षं ती चुलीच्या या बाजूला बसली होती आणि म्हातारी त्या बाजूला.

"कधी झालं तुमचं?"

म्हातारीने विस्तवातलं एक लाकूड उगाच पुढे सारलं.

"तोंड लावा."

"मला शिकवतेस?"

"हो. लावा तोंड."

म्हातारीने वाटीला ओठ लावून एक घोट घेतला आणि लगेच वाटी पुढे केली. "झालं? आता तू पी. गुरूचं उष्टं प्रसाद म्हणून घेतात."

"घेत असतील. मी घेणार नाही."

म्हातारी काहीतरी कडक बोलणार होती. मग तिने वाटी दोन्ही हातांत धरली आणि सावकाश, एकेक घोट करत, तळापर्यंत रिकामी केली. रिकामी वाटी मांडीवर ठेवून ती बसून राहिली. बोलावंसं वाटलं असेल तिला, पण ओठाला ओठ चिकटला होता, आणि तो सोडवण्याची तिने घाई केली नाही.

ज्यांच्या घरात आज कुणी चुलीपुढे उभी आहे, त्यांनी जेवायला बसण्याआधी उठून एकदा तिचे ओठ बघून यावं.