चिंगी चिचुंद्री आणि दारावरचा फणस

परसात फणसाचं झाड. झाडाखाली इवलंसं बीळ. बिळात चिंगी चिचुंद्रीची चार पिल्लं.

चिंगी किडे आणायला गेली. तेवढ्यात फणस पडला. धप्प! केवढा? भार्गवकाकांच्या पोटाएवढा. बिळाचं दार बंद झालं. आत पिल्लं रडू लागली. चीं चीं चीं.

चिंगी परत आली. तिने फणस ढकलला. हलेना. चिंगी रागावली. नाक लाल, शेपटी ताठ. तुरुतुरु गेली विळीकडे.

"विळीताई, विळीताई, फणस काप.
फणस दारातून हलेना,
पिल्लं माझी रडतात."

"मी नाही कापत. माझं वाकडं पातं बोथट झालंय. दगडाला सांग."

चिंगी आणखी रागावली. नाक लाल, शेपटी ताठ. तुरुतुरु गेली दगडाकडे.

"दगडोबा, दगडोबा, विळीला धार लाव.
विळी फणस कापेना,
फणस दारातून हलेना,
पिल्लं माझी रडतात."

"मी नाही लावत. मी कोरडा आहे. तांब्याला सांग."

चिंगी आणखी रागावली. नाक लाल, शेपटी ताठ. तुरुतुरु गेली तांब्याकडे.

"तांब्यादादा, तांब्यादादा, पाणी ओत.
दगड धार लावेना,
विळी फणस कापेना,
फणस दारातून हलेना,
पिल्लं माझी रडतात."

"मी नाही ओतत. मला काका कलंडवतात. काकांना सांग."

काका झोपाळ्यावर. कुईं कुईं. चिंगी आणखी रागावली. नाक लाल, शेपटी ताठ.

"काका, काका, तांब्या कलंडवा.
तांब्या पाणी ओतेना,
दगड धार लावेना,
विळी फणस कापेना,
फणस दारातून हलेना,
पिल्लं माझी रडतात."

"मी नाही उठत. काकूने म्हटलं, तर बघू."

शेजारीच वेणूकाकू बसली होती. चिंगी आणखी आणखी रागावली.

"काकू, काकू, काकांना उठवा.
काका झोपाळा सोडेनात,
तांब्या पाणी ओतेना,
दगड धार लावेना,
विळी फणस कापेना,
फणस दारातून हलेना,
पिल्लं माझी रडतात."

"मी नाही उठवत. मला भूक लागलीय. आधी फणसाचे गरे दे."

गरे? गरे फणसात. फणस दारात. आणि सगळे आपापल्या जागी बसलेले.

चिंगी म्हणाली, "आता कुणाला विचारणार नाही."

धावत आली. डोक्याने तांब्याला धडक दिली. ठण्ण!

तांब्या कलंडला. भळभळ पाणी वाहिलं. दगड भिजला. काकांचे पाय भिजले. काका टुणकन उठले.

काकू म्हणाली, "उठलाच आहात, तर विळीला धार लावा. नुसते झोके काय घेताय?"

वाकड्या पात्यावरून दगड फिरला. खस्स खस्स.
विळी लखलखली. फणस कापला. कर्र कर्र.
दोन भाग झाले. दार उघडलं.

काकूने पहिला गरा उचलला. चिंगी समोर उभी राहिली.

"आधी माझी पिल्लं."

काकूचा हात थांबला. तिने गरा चिंगीपुढे ठेवला.

बिळातून पिल्लं आली. पहिल्याने आईची शेपटी धरली. दुसऱ्याने पहिल्याची. तिसऱ्याने दुसऱ्याची. चौथ्याने तिसऱ्याची. चिंगीने गरा तोंडात धरला.

तुरुतुरु तुरुतुरु निघाली रांग, थेट सगळ्यांच्या मधून. काकांनी पाय वर घेतले. काकूने पदर आवरला.

चिंगीने कुणाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.