बंद करंडीची परीक्षा

राजा रणधवलाने हुकूम काढला. शाळेतल्या कोणत्या मुलांना स्वतः शोध घेता येतो, हे सूर्य मावळायच्या आत सांगा. पण परीक्षा घेताना त्यांना एकही प्रश्न विचारायचा नाही. जमलं नाही, तर शाळा बंद होईल आणि तिथे हत्ती बांधले जातील!

झालं होतं असं. राजपरीक्षक त्र्यंबकशास्त्री दरवर्षी परीक्षा घेत आणि सगळी मुलं मोठी शोधक आहेत, असं दरबारात सांगत. त्या दिवशी राजा स्वतःच शाळेत गेला आणि बी कशाने रुजतं, असं त्याने विचारलं. सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "माती, पाणी आणि महाराजांची कृपा!" कृपा काढून घेतली तर रुजेल का, असं राजाने विचारलं, तर मुलांनी तेच उत्तर आणखी मोठ्याने दिलं. राजाचं डोकं फिरलं. प्रश्न विचारला की पाठांतर बाहेर येतं, तेव्हा प्रश्नच बंद!

प्रश्नाशिवाय परीक्षा होतच नसते, असं शास्त्रीबुवा पुन्हा पुन्हा सांगू लागले. राजा ऐकेना.

गावात चिमाबाई नावाची बुरडीण होती. ती बांबूच्या करंड्या विणायची आणि तिची ठकी याच शाळेत जायची. हत्तींची बातमी कानावर येताच तिने एक करंडी घेतली, आत काहीतरी ठेवलं, झाकण घट्ट बांधलं आणि थेट दरबार गाठला. तिच्या सांगण्यावरून मुलांना बोलावण्यात आलं. चिमाबाईने करंडी मधोमध ठेवली आणि एक अक्षरही न बोलता बाजूला जाऊन बसली.

शास्त्रीबुवांनी लांबूनच करंडीकडे पाहिलं आणि आत शाळिग्राम आहे, असं जाहीर केलं. राजासमोर आणलेली वस्तू पवित्रच असणार, हे त्यांचं कारण. सगळ्या सरदारांनी माना डोलावल्या.

बरीचशी मुलं हाताची घडी घालून बसली. काय म्हणायचं ते कोणी सांगेल, याची ती वाट पाहत होती. मग कोष्ट्याच्या भिवाने करंडी ओढली आणि तिरकी केली. आत काहीतरी गडगडलं. गोल आहे, आंबा असेल, असं तो म्हणाला. शेजारी बसलेल्या गोदीने फटीला नाक लावलं आणि आंब्याचा वास नाही म्हणून त्याला गप्प केलं. भिवाने करंडी कानाशी धरून हलवली, तर आत पाणी डुचमळलं. मग आपलं म्हणणं त्याने स्वतःच बदललं; नारळ असेल म्हणाला, पण गोदीला तेही पटेना. दोघांचं असं भांडण जुंपलं, की समोर राजा आहे हेसुद्धा ती विसरली.

चिमाबाई उठली आणि म्हणाली, "महाराज, या दोघांना शोध घेता येतो. बाकीच्यांना अजून शिकवायला हवं. त्यात माझी ठकीही आली."

शास्त्रीबुवा उसळले. "उत्तर बरोबर की चूक हे कळल्याशिवाय निकाल कसला? आधी करंडी उघड!"

"नाही उघडणार, शास्त्रीबुवा," चिमाबाई शांतपणे म्हणाली. "उघडली, तर पुढच्या वर्षी तुम्ही तेवढंच पाठ करून घ्याल. आणि महाराजांची कृपाही करंडीत आहे, असं मुलांकडून म्हणवून घ्याल."

राजाने एकदा शास्त्रीबुवांकडे पाहिलं, एकदा माना डोलावणाऱ्या सरदारांकडे, आणि तो इतका हसला की मुकुट सावरावा लागला. शाळा चालू राहिली. चिमाबाईला सोन्याचं कडं आणि राजपरीक्षकाचं आसन मिळालं. शास्त्रीबुवांना पहिलीच्या वर्गात ठकीशेजारी जागा मिळाली.

मग राजा सिंहासनावरून उतरला, फरशीवर मांडी घालून बसला आणि करंडी कानाशी धरून हलवू लागला.