नऊशे रेघा

"पण एका नजरेत तुम्हाला कसं कळलं की नकाशा चुकलाय?" हर्षदाने विचारलं. आवाजात प्रश्न कमी, राग जास्त.

ओकबाई दुर्बिणीपाशी बसून चहा पीत होत्या. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता.

"चुकलाय म्हटलं नाही मी. तुझा आहे, आकाशाचा नाही, म्हटलं."

"माझाच आहे! चौदा महिने घातलेत, बाई. उद्या दुपारपर्यंत समितीकडे गेला नाही, तर पुढच्या वर्षी ही दुर्बीण मला मिळायची नाही."

नकाशा टेबलावर पसरला होता. नऊशे तारे, नऊशे रेघा. आकाशगंगेतल्या धुळीचे कण तिच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे रांगेत उभे राहतात, आणि त्यांच्यातून येणाऱ्या प्रकाशाची कंपनं एका दिशेला कलतात. ती दिशा म्हणजे रेघ. दाट धुळीतूनही पार येतो म्हणून हर्षदाने इन्फ्रारेड प्रकाश निवडला होता.

"जवळचे तारे मोजलेस?"

"त्यांच्या वाटेत धूळच नाही. रेघ येणारच नाही. कशाला वेळ घालवू?"

"येत नाही, हे पाहिलंस?"

बाईंनी दुर्बिणीकडे बोट केलं.

"एक लाव."

दात-ओठ खात हर्षदाने एक जवळचा तारा लावला. संधिप्रकाशातही इन्फ्रारेडमध्ये तो ठळक होता. मोजणी संपली.

पडद्यावर रेघ आली. आखूड, पण आली.

बाई उठल्या. दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्याचे स्क्रू सैल केले, त्याला पाव फेरा दिला, स्क्रू पुन्हा आवळले.

"आता परत."

परत रेघ आली. तीही पाव फेरा वळलेली.

तारा होता तिथेच होता.

हर्षदाने दोन्ही रेघा पडद्यावर शेजारीशेजारी लावल्या.

"म्हणजे माझ्या प्रत्येक रेघेत थोडा हा कॅमेरा आहे."

बाईंनी चहाचा घोट घेतला.

"वजा करता येईल," हर्षदा म्हणाली. "आधी असले धूळ नसलेले तारे मोजते. मग नऊशेच्या नऊशे रेघा नव्याने. समितीला आत्ताच कळवते, उद्या नकाशा येणार नाही. दुर्बीण काढून घेणार असतील तर घेऊ देत. भांडेन."

तिने बाह्या वर सारल्या. आणि थांबली.

समोर भिंतीवर काचेच्या चौकटीत एक जुना नकाशा होता. खाली नाव, कुमुद ओक. हर्षदाने तो कॉलेजात पाठ केला होता. त्यातल्या रेघाही तिच्या रेघांसारख्याच एका बाजूला झुकलेल्या.

"बाई, हा कॅमेरा तुम्हीच बांधलात ना?"

"हो."

"तो नकाशा करताना तुम्ही वळवून पाहिला होता?"

बाईंनी कप खाली ठेवला. चौकट भिंतीवरून उतरवली. मागचे खिळे एकेक करून उपसले, नकाशा बाहेर काढला आणि हर्षदापुढे पालथा ठेवला.

"कागद चांगला आहे," त्या म्हणाल्या. "मागून कोरा."