राजवैद्यांचं हसू

देवळसांगवीच्या राजेसाहेबांची सहा वर्षांची लेक सुलक्षणा रोज सकाळी महालभर पळत सुटे. मागे राजवैद्य विश्वंभरशास्त्री, हातात कोळशाच्या पुडीची वाटी. ते तिला पकडत आणि हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासत.

एके दिवशी दाई तानूबाईने पोरीला पदराआड घेतलं. "बास करा, शास्त्रीबुवा! चार दिवस झाले, हिला घास चावता येत नाही."

शास्त्री दोघींना घेऊन तडक राजेसाहेबांकडे गेले आणि दाईची तक्रार केली. राजेसाहेब अस्वस्थपणे येरझाऱ्या घालू लागले. "तानूबाई, तुला वैद्यांपेक्षा जास्त कळतं? दाखवून दे, नाहीतर आजच गाव सोड."

तानूबाईने विचारलं, "शास्त्रीबुवा, तुम्ही स्वतःचे दात कसे घासता?"

"असेच, जोर लावून! चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नाही."

"मग महाराजांना एकदा मोकळेपणाने हसून दाखवा."

शास्त्रींनी झुपकेदार मिशांआड ओठ घट्ट मिटले. राजेसाहेब जागीच थांबले. "हसा, शास्त्रीबुवा."

नाइलाजाने ओठ उघडले. वर दोन दात होते, खाली एक.

"बाकीचे कुठं गेले?" सुलक्षणेने विचारलं. शास्त्री वाटी तिथेच टाकून निघून गेले.

तानूबाईने बाभळीच्या काडीचं टोक ठेचून मऊ केलं आणि पोरीच्या हातात दिलं. "हळूच, गोल गोल फिरव. घाई नाही."

सुलक्षणा पहिल्यांदाच एका जागी बसली. राजेसाहेब बराच वेळ बघत राहिले, मग हलक्या आवाजात म्हणाले, "तानूबाई, आणखी एक काडी आहे का?"