अकराव्या मजल्यावरचा चकवा

एकदा एक फरशीचा व्यापारी शहरातल्या उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहत होता. घरात पत्नी होती आणि वृद्ध आई होती. आईला काचबिंदू; उजेड आणि सावली एवढंच तिला कळे. तरी ती घरात इतकी सराईतपणे वावरे, की तिला दिसत नाही हे बाकीचे विसरूनच गेले होते.

पुढे व्यापाऱ्याला कुणीतरी फेंगशुईचं वेड लावलं. उंबऱ्याशी तोंडात नाणं धरलेला बेडूक आला, दिवाणखान्यात माशांची काचपेटी आली, आणि आईच्या खोलीबाहेरचं कपाट 'ऊर्जेची वाट अडवतं' म्हणून समोरच्या भिंतीला गेलं. त्याच दिवशी आई काचपेटीवर आपटली. कपाळ चोळत म्हणाली, "घरातच चकवा लागला की रे मला."

रानात माणसाला वाट चुकवून गोल गोल फिरवतो तो चकवा. आई आपली बोलायची म्हणून बोलली, मुलाने ते खरंच मानलं. त्याने जमिनीखालच्या ऊर्जारेषा शोधणारा एक जाणकार बोलावला. जाणकाराच्या हातातल्या तांब्याच्या सळ्या आईच्या खाटेपाशी एकमेकींवर आल्या, म्हणून खाट हलवली, बाहेरची खुर्चीही हलवली. आई आणखी चुकू लागली, तेव्हा पुन्हा सळ्या आल्या आणि पुन्हा खाट हलली. महिन्याभरात त्या खाटेने चारही भिंती पाहिल्या. आई न्हाणीघर समजून स्वयंपाकघरात शिरे, नसलेल्या खुर्चीवर बसायला जाई. शेवटी तिने खाटेवरून उठणंच सोडलं. तिची बुद्धी भ्रमली असं सर्वांचं मत पडलं, आणि सोमवारी तिला वृद्धाश्रमात पोहोचवायचं ठरलं. मुलगा रडला, पण ठरलं ते ठरलं.

जाणकाराला चैन पडेना. खालचे दहा मजले ओलांडून जमिनीची रेषा वर येते कशी आणि दर आठवड्याला जागा बदलते कशी, हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं. तो आपल्या गुरूंना घेऊन आला. गुरू म्हणजे हातात उंबराची फांदी धरून गावोगाव विहिरीची जागा सांगत फिरलेले जुने पाणाडी.

गुरूंनी सळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आईच्या खाटेवर टेकले, खांद्यावरचं उपरणं काढून स्वतःच्याच डोळ्यांवर बांधलं आणि म्हणाले, "बाई, तहान लागलीय. माठापर्यंत कसं जायचं तेवढं सांगा."

व्यापारी शिष्याकडे पाहू लागला आणि शिष्य छताकडे. म्हाताऱ्याचंही डोकं फिरलं की काय, असंच दोघांना वाटलं. आई मात्र लगेच सांगू लागली, "दारातनं डावीकडं वळा. कपाटाला हात लावून चाला. कपाट संपलं की चार पावलं, मग खुर्चीची पाठ लागंल. तिथनं उजव्या हाताला माठ."

गुरू तसेच निघाले. हाताला कपाट लागलं नाही. खुर्चीही लागली नाही. गुडघा मात्र काचपेटीवर सणसणून आदळला.

उपरणं सोडत ते व्यापाऱ्याला म्हणाले, "तुमच्या आईंची बुद्धी शाबूत आहे. त्यांना हे घर पाठ आहे. तुम्ही दर आठवड्याला त्यातली एक ओळ बदलता आणि त्या चुकल्या म्हणता. चकवा लागला की जाणती माणसं आहे तिथंच बसून राहतात. आता या घराला जरा बसू द्या."

व्यापाऱ्याने स्वतः कपाट ओढून जागेवर आणलं. खाट आणि खुर्ची परत गेली, काचपेटी वाटेतून बाजूला झाली. आई उठली. कपाटाला हात लागताच थांबली, लाकडावरून तळवा फिरवला आणि चालू लागली. उलट वाटेने परत आली तेव्हा तिच्या हातात गुरूंसाठी पाण्याचा पेला होता. व्यापाऱ्याने तिथूनच फोन करून वृद्धाश्रमाला नकार कळवला.

लिफ्टमध्ये शिष्य म्हणाला, "पण गुरुजी, रेषा होती की नव्हती?"

"मला ठाऊक नाही," गुरू म्हणाले. "मी सांगितलेल्या कितीतरी विहिरी कोरड्या गेल्या. पण खाटेपासून माठापर्यंत एक रेघ होती. ती त्या माउलीच्या पायांत होती, आणि ती तू पुसलीस."

शिष्याचा गोंधळ काही मिटला नाही. पण त्यानंतर कुठल्याही घरात गेला की सळ्या काढण्याआधी तो विचारू लागला, की इथं हात लावून कोण चालतं?